तुंबलेली मोरी आणि कस्तुराबाईंचा हात

मित्रांनो, माझ्याकडे सहसा कुणी बघत नाही. मी एक जुना बिडाचा पाइप आहे, मोरीच्या तळाशी सिमेंटात बसवलेला. गंगाखेडच्या एका मुलींच्या वसतिगृहात १९७९ साली गवंड्याने मला बसवले. साठ मुलींच्या स्वयंपाकाचे सांडपाणी मी मागच्या अंगणातल्या नालीत नेऊन सोडत असे. तेव्हा स्वयंपाक करणाऱ्या कस्तुराबाई म्हणायच्या, "पाइप लय गुणाचा हाय." मला फार बरे वाटे.

पुढे मात्र भाताची शिते, चहाचा चोथा, राख, सारे माझ्यातच लोटले जाऊ लागले. पाच वर्षांत माझा गळा आवळत आला. पाणी तासन्‌तास मोरीत तुंबून राही.

मागच्या अंगणात मालनबाई भांडी घासत. त्या बौद्ध होत्या. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या दंगलीत त्यांचे खेड्यातले घर जळाले, म्हणून त्या गंगाखेडला आल्या होत्या. कस्तुराबाई त्यांना स्वयंपाकघरात पाऊल ठेवू देत नसत.

एके सकाळी व्यवस्थापक दत्तरावांनी माझ्यातली घाण जाळून काढायला तेजाबाची अख्खी बाटली मोरीत ओतली आणि कुणाला काही न सांगता ते बाजारात गेले. मी आतून पोळू लागलो. वर मात्र पाणी नेहमीसारखेच गढूळ होते, आणि चुलीच्या धुरात वासही कळत नव्हता.

मुलींची परीक्षा होती. जेवण वेळेवर हवे होते. कस्तुराबाई मोरीपाशी आल्या, त्यांनी बांगड्या वर सारल्या. "आज ह्याचा घोळच मिटवते!"

मी कसा ओरडणार? त्यांचा हात मनगटापर्यंत पाण्यात गेला.

"आई गं! मेले!"

त्या पदराने हात पुसू लागल्या. किंकाळी ऐकून मालनबाई दारापर्यंत धावत आल्या आणि उंबऱ्यापाशी थबकल्या. तेवढ्यात त्यांना दाराशी टाकलेली तेजाबाची रिकामी बाटली दिसली.

"बाई, पुसू नका! तेजाब हाय ते!"

त्या आत शिरल्या. कस्तुराबाईंचा हात धरून त्यांनी पिण्याच्या पाण्याच्या रांजणात तांब्या बुडवला. कस्तुराबाईंची नजर रांजणाकडे गेली. मालनबाईंचा हात क्षणभर थांबला.

"थांबू नको, मालन. वत!"

तांब्यामागून तांब्या. अर्ध्या तासात रांजणाचा तळ दिसला. डॉक्टर म्हणाले, एवढे पाणी ओतले म्हणून हात वाचला. दोन बोटांवर वण मात्र राहिले.

दत्तराव परतले आणि सारे ऐकून त्यांनी मान खाली घातली. "मी सांगायला पायजे होतं," एवढेच ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच बादल्या भरभरून पाणी ओतून तेजाब वाहू दिले. मालनबाईंनी माझे खालचे झाकण उघडले आणि वाकवलेल्या तारेने राख-शितांचा घट्ट गोळा ओढून काढला. खळखळ पाणी गेले. हाताला पट्टी बांधून बसलेल्या कस्तुराबाई म्हणाल्या, "मालन, हात धू अन् परातीपाशी बैस. पोरी उपाशी हायत."

मित्रांनो, खरकटे आधी डब्यात काढा. पाइपाचे झाकण महिन्यातून एकदा उघडा. आणि मोरीत कधी तेजाब ओतलेच, तर घरातल्या एकूण एक माणसाला सांगा. भांडी घासणाऱ्या बाईला सगळ्यांत आधी.