हरणांच्या खोक्यातला उपरा

मित्रांनो, मी हाडाचा एक जुना तुकडा आहे. किती जुना? तुमच्या आजोबांची स्कूटर माझ्यापुढे कालची पोरगी! साडेसात कोटी वर्षं झाली मला. एका शिंगवाल्या डायनासोरच्या मानेमागे हाडाची रुंद झालर होती, तिच्या काठाचा मी तुकडा. तळहाताएवढा, पण उचलाल तर मनगट दुखेल.

बाकीची झालर कॅनडात राहिली. तिकडे रेल्वेच्या कामाला गेलेल्या एका आयरिश गड्याने मला ट्रंकेत घालून इथे आयर्लंडमधल्या नावन गावी आणलं आणि म्हातारपणी शाळेला देऊन टाकलं. माझ्यावर त्याच्या अक्षरातली चिठ्ठी होती, डिंकाने चिकटवलेली. एकदा साफसफाईत कोणीतरी ओलं फडकं मारलं. चिठ्ठी गेली बादलीत.

माझ्या अंगावर रक्तवाहिन्यांचे बारीक चरे आहेत. हरणाच्या शिंगावरही तसेच असतात. आणि इथे दलदलीत खणलं की जुन्या महाकाय हरणाचं शिंग निघतं, हे पोरासोरांनाही ठाऊक. मग काय, मला टाकलं हरणांच्या खोक्यात! आधी जाम मजा आली. चाळीस वर्षं हरीण म्हणून फुकट राहिलो, कोणालाही पत्ता नाही. दार उघडं राहावं म्हणून मला खाली लावायचे, तेव्हा तीन हेडमास्तरांचे अंगठे ठेचले मी.

पण फसवण्यातली गंमत संपते हो. खोक्यातली शिंगं एकमेकांची भावंडं. मी त्यांना खेटून पडलेला, आणि मी खरा कोण हे सांगणारं जगात कोणी उरलं नव्हतं.

गेल्या मे महिन्यात सायन्स रूम रिकामी करायला घेतली. नोरीन मॅडमनी धड शिंगं इथल्या बोलीतल्या ‘प्रेस’मध्ये, म्हणजे कपाटात ठेवली आणि फुटकी खोक्यासकट दाराबाहेर. सोमवारी कचऱ्याचा ट्रक येणार होता. माझी टरकली. ओरडायला तोंड कुठून आणू?

शुक्रवारी ओपन डेला रेवा नावाची मुलगी आपल्या आजोबांना घेऊन आली. मुरलीधर आबा, नागपूरचे. लेक हॉस्पिटलमध्ये कामाला, जावई ऑफिसात, आणि हे दिवसभर खिडकीशी. रेवाला मराठी कळायचं, पण उत्तर इंग्लिशमध्ये. आबांनी तीस वर्षं संग्रहालयात दगडातली जुनी हाडं साफ केली होती. त्यांना ते कोणी विचारलंच नव्हतं.

आबांनी खोक्यात डोकावलं, मला उचललं आणि सगळ्यांदेखत सपकन चाटलं!

"आबा, स्टॉप! एव्हरीवन्स लुकिंग!" रेवा कानापर्यंत लाल.

"पाहू दे नं! काऊन लाजतेस? जिभेले चिकटते, म्हणजे हाड आहे. आता वजन पाह्य. दलदलीतलं शिंग इतकं जड राहते का? याचा तर पार दगड झाला."

नोरीन मॅडम धावत आल्या. "इज ही ऑलराइट, रेवा?"

"ही'ज ग्रँड, मिस. ही सेज इट्स नॉट अ डिअर."

"देन व्हॉट इज इट?"

"शिंगवाल्या डायनासोरची झालर," आबा म्हणाले. "हा लाटेसारखा काठ पाह्य. पण जात कोणती, ते एवढ्याशा तुकड्यावरून नाही सांगणार. मी फेकाफेकी करत नसतो."

रेवाने एकेक वाक्य इंग्लिशमध्ये करून सांगितलं. मॅडमनी मला आबांच्या हातातून घेतलं आणि फोटो डब्लिनच्या जाणकारांना पाठवले. उत्तर आलं, म्हातारबाबा बरोबर आहेत. मला वेगळ्या काचेच्या कपाटात ठेवलं आणि नवी चिठ्ठी लागली: शिंगवाला डायनासोर, झालरीचा काठ. जात माहीत नाही. ओळखलं मुरलीधर यांनी.

नाव अर्धंच मिळालं, पण खरं मिळालं. आता शेजारी हरणंसुद्धा नाहीत. अख्ख्या कपाटात माझ्या कुळातलं दुसरं कोणी नाही.

जूनमध्ये आबा नागपूरला परतले. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत रेवा आली. इकडेतिकडे बघितलं, काच सरकवली, मला सपकन चाटलं. मग हळूच म्हणाली, "आबा गेले रे."

मराठीत.

मित्रांनो, कोणाची चिठ्ठी गळून पडली तर ती बादलीत जाऊ देऊ नका. आणि घरात कोणी दिवसभर खिडकीशी बसलेलं असेल, तर जवळ जाऊन विचारा, तुम्ही आधी काय करायचात? चाटायची गरज नाही.