पिवळ्याला उठाव

माझी भाची संशोधक आहे आणि एक नंबरची हट्टी आहे. सहा वर्षं ती बाळंतिणींच्या वॉर्डात बसून नवजात बाळांच्या कातडीचा पिवळेपणा मोजत होती. कावीळ चढत गेली तर बाळाच्या मेंदूला कायमची इजा होते, आणि खेड्यातल्या दवाखान्यात रक्त तपासायची सोय नसते. परदेशातून रंगांची कार्डं येतात, पण ती गोऱ्या कातडीवर बेतलेली. हिने आपल्या सावळ्या बाळांसाठी फिकटापासून गडद पिवळ्यापर्यंत सहा पट्ट्यांचं कार्ड बसवलं. बाळाच्या नाकाचा शेंडा बोटाने दाबायचा, बोट काढताच कातडी ज्या रंगाची दिसेल त्या रंगाची पट्टी शोधायची. चौथी किंवा पुढची पट्टी जुळली की थेट मोठं हॉस्पिटल.

"आत्या, शोधनिबंध छापून आला, टाळ्या वाजल्या. आता तो कपाटात कुजायला नको. कार्ड तू छाप," ती म्हणाली.

माझा छापखाना औषधांच्या खोक्यांचा. मी हो म्हटलं. तिने पहिलं कार्ड रंग मोजायचं मीटर लावून तपासलं, पट्टीन् पट्टी बरोबर निघाली. ती गेली आणि आमच्या मशीनवाल्या मामांनी कार्ड उजेडात धरलं.

"ताई, मरगळलेलं वाटतंय हो."

मलाही वाटलं. गिऱ्हाईक कुठलंही असो, पिवळा खुलला पाहिजे ही आमची चाळीस वर्षांची सवय. "जरा उठाव आणा," मी बोलून गेले. मामांनी शाईत चिमूटभर लाल घातला. दोनशे कार्डं छापली आणि वीस दवाखान्यांत गेली. शुक्रवारी आरोग्य खात्याची समिती बसणार होती. ती हो म्हणाली की हे कार्ड प्रत्येक दवाखान्यात जाणार होतं.

मंगळवारी एका सिस्टरचा फोन आला. कार्डाच्या मागे आमचाच नंबर होता.

"बाळ तिसऱ्या पट्टीवर होतं. पण दूध ओढेना, म्हणून मी पाठवलं. रक्तात कावीळ भलतीच निघाली. कार्ड काय कामाचं मग?"

मी लगेच भाचीला फोन लावला. ती मीटर घेऊन धावत आली. सगळ्या पट्ट्या एकेक घर गडद झाल्या होत्या. म्हणजे चौथीचं बाळ तिसरीवर दिसत होतं.

"रंगाला हात कोणी लावला?"

मामांनी मान खाली घातली. "मी सांगितलं होतं," मी म्हटलं. आणि वर निर्लज्जासारखी पुढे म्हणाले, "शुक्रवार होऊन जाऊ दे. मग गुपचूप बदलून देऊ."

तिने माझ्याकडे असं बघितलं की मला धरणी ठाव देईना. "आत्या, आज कुठेतरी एक आई ते कार्ड बघून निर्धास्त बसली असेल. एकूण एक कार्ड परत आणायचं."

मग आम्ही कंबर कसली. ती फोनवर, मामा मोटरसायकलवर, मी टेम्पोत. गुरुवारी दुपारपर्यंत एकशे नव्याण्णव कार्डं टेबलावर आली. एक कार्ड सिस्टरने आईच्या हातात देऊन घरी पाठवलं होतं. त्या घरी मी गेले.

पत्र्याची खोली होती. आई कॉटवर बसली होती, मांडीवर चार दिवसांचं बाळ. कार्ड तिने आरशाच्या फटीत खोचलं होतं.

"ते परत द्या, बाई."

"का म्हणून? रोज बघते मी. तीनच येतंय. सिस्टर म्हणाल्या, चारला घाबरायचं."

मी बाळाला दारातल्या उजेडात घेतलं. नाकाचा शेंडा दाबला, बोट काढलं. मीटर माझ्याकडे नव्हतं, पण आयुष्यभर पिवळाच बघत आलेली बाई मी. हा सरळसरळ चौथीचा होता.

"चला, हॉस्पिटलात चला."

"अहो, पण कार्डावर तीन आहे ना!"

"कार्ड खोटं बोलतंय. मीच छापलंय ते."

तिने एक शिवी हासडली, माझ्या हातातून बाळ हिसकलं आणि चपला न घालता टेम्पोत येऊन बसली. ती शिवी मला लागायलाच हवी होती.

बाळाला लगेच कावीळ उतरवणाऱ्या निळ्या दिव्याखाली ठेवलं. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत, उद्या उशीर झाला असता. आई भिंतीला टेकून रडत होती. मी तिच्याशेजारी उभी राहिले.

शुक्रवारी समितीपुढे भाचीने आकडे नंतर ठेवले, आमची चूक आधी सांगितली. अध्यक्षांनी चष्मा काढला. "घरच्या छापखान्यात असंच व्हायचं. परदेशी कार्डांत असले घोटाळे होत नाहीत."

माझं डोकं सणकलं. मला बोलायची परवानगी नव्हती, तरी मी उठले.

"होतात, साहेब. त्यांचं कार्ड आपल्या बाळांवर कित्येक वर्षं चुकतंय. फक्त ते परत मागायला कुणी दारात आलं नाही."

समितीत एक बाई डॉक्टर होत्या, त्यांनी भाचीकडून आकड्यांचे कागद मागून घेतले आणि बराच वेळ वाचले. शेवटी त्यांनी विचारलं, "प्रत्येक कार्ड मीटरवर तपासून, खाली सही करून कोण देणार?"

"मी," मी म्हटलं.

नवी कार्डं छापून आणायला एक महिन्याची मुदत मिळाली. जिन्यातच भाचीला रडू फुटलं. मी तिला पोटाशी धरलं आणि मामांना फोन लावला. म्हटलं, मशीन धुऊन ठेवा, मी येतेय.