नेफ्यातून कुंडीत

मी पायजम्याची एक जुनी सुती नाडी आहे. मित्रांनो, हसून घ्या. मला त्याची सवय आहे.

यंत्राने माझे धागे एकमेकांत विणले, तेव्हा त्यांच्यामध्ये केसाहून बारीक अशा असंख्य वाटा राहिल्या. त्या कशासाठी, हे मला कोणी सांगितले नाही. सेफ्टी पिनेला अडकवून मला नेफ्यात ओढले गेले आणि त्या अंधाऱ्या बोगद्यात माझे आयुष्य सुरू झाले. जग दिसे ते फक्त माझ्या दोन टोकांना. त्यांचीही रोज गाठ मारली जाई. एकदा माझे एक टोक आत निसटले, तेव्हा घरातले बाबा पायजमा मुठीत धरून ओरडत फिरले, "अगं, नाडी आत गेली!"

"मग तुम्हीही आत जा," आई म्हणाली, "दारात पाहुणे उभे आहेत!"

एरवी माझी आठवण कोणाला होत नसे.

बाबांनी घरातल्या कुंडीत बी रुजवून लिंबाचे एक रोप वाढवले होते. स्वतःच्या चहाआधी ते त्याला पाणी घालत. मग ते आजारी पडले. दूरच्या रुग्णालयात शस्त्रक्रिया ठरली. घराला कित्येक आठवडे कुलूप लागणार होते आणि शेजारचे घरही रिकामेच होते. बाबांनी एवढेच विचारले, "लिंबाला पाणी कोण घालणार?"

त्यांच्या मुलीने कुंडीशेजारी पाण्याची बादली ठेवली आणि दोहोंमध्ये नायलॉनची दोरी सोडली. संध्याकाळी पाहिले, तर माती कोरडीच.

"ही पाणी पीतच नाही गं आई. सुती काहीतरी दे."

आईने वाळत घातलेल्या पायजम्यातून मला सर्रकन ओढून काढले. "घे. त्यांना तिकडे दवाखान्याचेच कपडे घालायचेत."

मला भिजवून माझ्या एका टोकाला वजनासाठी एक निकामी किल्ली बांधली गेली. ते टोक बादलीच्या तळाशी गेले, दुसरे लिंबाच्या मुळाशी पुरले गेले. बाहेर कुलूप वाजले.

मित्रांनो, नेफ्यात असताना निदान माझी टोके बाहेर होती. आता एक बुडालेले होते, दुसरे गाडलेले. खिडक्या बंद, हवा कोंदट. खिडकीच्या काचेतून थोडा उजेड तेवढा लिंबापर्यंत येई. त्या शांततेत माझ्या आत काहीतरी हलू लागले. पाणी धाग्यांच्या कडांना बिलगत होते, आणि बिलगलेले पाणी मागच्या पाण्याला वर ओढत होते. वाट जितकी अरुंद, तितके ते उंच चढे. कोणाचा हात नाही, कसला पंप नाही. माझ्यातल्या त्या बिनकामाच्या वाटांवरून एक रोप पाणी पीत होते.

पण बादलीतले पाणी खाली गेले, तशी चढण लांबली. अर्धे पाणी हवाच वाटेत पिऊन टाकी. लिंबाची खालची पाने पिवळी पडून गळाली. परतलेल्या बाबांना नुसती वाळकी काडी दिसली तर? मी धावू शकत नव्हते, हाक मारू शकत नव्हते. थांबणेही माझ्या हाती नव्हते.

अखेर कुलूप उघडले. बाबा दारात उभे होते. फार रोडावलेले, दुसरा एक पायजमा कमरेशी मुठीत धरून.

"ह्याचं इलॅस्टिक सैल पडतंय. माझा नाडीवाला कुठाय?"

मुलीने कुंडीकडे बोट दाखवले. बादलीच्या तळाशी बोटभर पाणी उरले होते, आणि लिंबाच्या शेंड्याला एक कोवळे पान होते. बाबा बराच वेळ त्या पानाकडे पाहत राहिले. मग त्यांनी मला हळूच ओढले. मी निघाले नाही. मुळांचे पांढरे तंतू माझ्या धाग्यांत शिरले होते.

"जोरात ओढा, निघेल," आई म्हणाली.

"नको. कामावर आहे ती."

"आणि पायजमा?"

"धरतो की. दोन्ही हात घेऊन परत आलोय."

आई हसली, आणि मग पदराने डोळे पुसत राहिली.

मी अजून तिथेच आहे. सुटका झाली नाही. आता होणारही नाही, कारण मातीतले माझे टोक हळूहळू कुजत चालले आहे. पण मला धरून ठेवणारे कोणीतरी आहे. मित्रांनो, घराला कुलूप लावण्याआधी एकदा मागे वळून पाहा. आत कोणीतरी तहानलेले राहत असते. आणि बादली भरायला विसरू नका. पाणी वर नेणे मला जमते, ते आणणे नाही.