हरायची शिकस्त

उपुलला हरायचं होतं, आणि कवड्या काही केल्या त्याला हरू देत नव्हत्या.

सकाळी मातलेच्या स्टँडवर बसमधून उतरल्यापासून, जिच्याशी त्याला लग्न करायचं होतं त्या इनोकानं त्याला एकच गोष्ट चार वेळा बजावली होती. अम्मा सगळं सोसते, फक्त पंचाच्या, म्हणजे कवड्यांच्या खेळात हरणं तिला सोसत नाही. गेल्या वर्षी शेतकी खात्यातला एक अधिकारी इनोकाला बघायला आला होता. चांगला पगार, स्वतःची मोटारसायकल. सणाच्या दिवशी अम्माशी खेळायला बसला, जिंकला, आणि नव्या वर्षाची चूल पेटायच्या आत त्याचं स्थळ विझलं. तेव्हा तू आपला हर, असं इनोकाचं म्हणणं. उपुलही हो म्हणाला. त्याला वाटलं, जिंकणं अवघड असेल, हरायला काय लागतं?

कोलंबोतल्या बँकेत तो गेली सहा वर्षं नोकरीला होता. आईवडील लहानपणीच गेलेले, वाढवलं ती मावशीही गेली, आणि तेव्हापासून एप्रिलमधली नव्या वर्षाची सुट्टी तो भाड्याच्या खोलीतच काढायचा. शहर गावोगाव पांगलेलं, दुकानं बंद. आदल्या दिवशी आणून ठेवलेला पाव आणि केळी, असा त्याचा सण. या वर्षी पहिल्यांदाच कुणीतरी त्याला घरी ये म्हणालं होतं. हे घर हातचं गेलं तर पुढं पुन्हा पाव आणि केळी, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

आता दुपारची नोनगतयाची वेळ होती. जुनं वर्ष सरलेलं, नवं अजून लागलेलं नाही. या मधल्या तासांत कामाला कुणी हात लावत नाही. चूल थंड, जेवणखाण बंद, केरसुणी कोपऱ्यात. सकाळीच विहारात जाऊन आलं की मग माणसांनी करायचं तरी काय? अंगणात फणसाखाली चटई पडली, पट काढलेली फळी आली, आणि इनोकाची आई सोमलता पदर खोचून अशी बसली की जणू वर्षभर तिनं याच दुपारची वाट पाहिली होती. तशी तिनं पाहिलीही होती. एरवी मिरीच्या वेलांतून तिला बसायला सवड कुठली.

एका बाजूला सोमलता. दुसऱ्या बाजूला उपुल, आणि त्याला खेळ येत नाही म्हणून मदतीला तिचाच नवरा गुणपाल. शेजारच्या म्हाताऱ्या एमलिन आच्ची निकाल द्यायला. त्यांना धड दिसत नव्हतं, पण आवाजावरून दान ओळखते असं त्या सांगायच्या.

उपुलनं करवंटी हलवली आणि कवड्या टाकल्या. पंच पडला. पंच पडला की सोंगटी पटावर येते आणि पुन्हा टाकायला मिळतं. त्यानं पुन्हा टाकल्या. परत पंच. मग त्यानं करवंटी नीट न हलवताच उपडी केली, एकदा डाव्या हातानं टाकल्या, एकदा तर डोळे मिटून. कवड्या आपल्या त्याच्याच बाजूनं. गुणपाल खुशीत मांडी थोपटू लागला. चाळीस वर्षांच्या संसारात बायकोला हरवायची वेळ पहिल्यांदाच इतकी जवळ आली होती. इनोका मात्र पडवीतून उपुलकडे अशी बघत होती, की त्यानं जणू सगळं ठरवून केलंय.

दान हातात नाही, पण चाल तरी आपल्या हातात आहे, हे उपुलच्या उशिरा लक्षात आलं. सोमलताची पुढची सोंगटी त्याच्या सोंगटीसमोर तीन घरांवर उभी होती आणि त्याला बरोबर तीन पडले. मारली असती तर तिला पार सुरुवातीपासून यावं लागलं असतं. उपुलनं भलतीच, मागची सोंगटी पुढं सरकवली.

गुणपाल म्हणाला, "अरे, मारता येत होती ती."

"दिसली नाही," उपुल म्हणाला.

सोमलतानं करवंटी खाली ठेवली.

"पुता, चष्मा आहे ना तुझ्या डोळ्यांवर?"

"आहे, नेंदा," उपुल आत्याबाईंना म्हणावं तसं म्हणाला.

"मग तीन घरांवरची सोंगटी दिसत नाही, आणि बँकेत लोकांचे पैसे मोजतोस?"

एमलिन आच्चींनी तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. उपुलनं पडवीकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर इनोकाचं नाव न घेताही घेतल्यासारखं झालं असतं. तो म्हणाला, "मुद्दामच सोडली. तुम्ही हरलात तर मला इथं पुन्हा कुणी बोलावणार नाही, अशी भीती वाटली."

सोमलतानं पडवीकडे पाहिलं. तिला जे कळायचं ते कळलं.

"त्या शेतकीवाल्याला मी हरले म्हणून नाही म्हटलं नव्हतं," ती म्हणाली. "त्यानं पायाच्या अंगठ्यानं कवडी उलटवली होती. मी बघितलं, पण पाहुणा म्हणून बोलले नाही. तो जिंकायला लबाडी करत होता, तू हरायला करतोस. फरक एवढाच, की तुला ती धड जमत नाही."

गुणपाल हसला. मग बायकोही हसतेय असं दिसल्यावर जरा मोठ्यानं हसला.

"घे ती चाल मागं. आणि मार," सोमलता म्हणाली.

उपुलनं सोंगटी मारली. पुढच्या दोन फेऱ्या ती त्याला बँकवाल्या, चष्मेवाल्या, मिळेल ते नाव देत होती. त्याला इतकं बरं वाटत होतं की हरायचंय की जिंकायचंय हेच तो विसरला. तिनंही त्याची एक सोंगटी उडवली आणि आच्चींना आवाज ऐकलात का म्हणून विचारलं. शेवटी दोघांची एकेक सोंगटी घरात जायची उरली. उपुलनं कवड्या उचलल्या.

तेवढ्यात गावभर फटाके सुटले. चूल पेटवायचा मुहूर्त लागला होता.

सोमलता उठलीच. दूध उतू जायला हवं, तोंड कुठल्या दिशेला करायचं ते पंचांगात बघायला हवं. गुणपालनं फळी उचलायला हात घातला, तर ती वळून म्हणाली, हलवायची नाही, आधी कागदावर सोंगट्या काढून घे. आता कामं सुरू झाली. डाव पुढच्या नोनगतयात. आणि दान कुणाचं ते लिहून ठेव, नाहीतर वर्षभरात तुम्ही बापलेक काहीही सांगाल.

गुणपालनं मुहूर्तांच्या कागदाच्या मागं पट काढला आणि खाली लिहिलं: दान उपुलचं.

"म्हणजे अम्मा, वर्षभर थांबायचं आम्ही?" इनोका म्हणाली.

"थांबायचं डावानं. लग्नाचं मी कुठं काय बोलले? ते तुम्ही आधी उरका."

ती चुलीकडे निघाली, मग परत आली आणि उपुलच्या ओंजळीतली एक कवडी उचलून तिनं त्याच्या शर्टाच्या खिशात टाकली.

"ही तुझ्याकडे ठेव. सगळ्या इथं राहिल्या तर हे लोक उद्याच खेळायला बसतील."

आत दूध उतू गेलं तसा सगळ्यांनी आवाज केला. दिवसभर पोटात काही नसलेला उपुल तिथंच चटईवर उभा होता. त्यानं खिसा चाचपून बघितला. कवडी होती.