शिळं कुणाच्या ताटात?

तो मासळीच्या कारखान्यात तपासनीस होता. परदेशी जाणाऱ्या मासळीत हिस्टामाइन हे विषारी द्रव्य किती ते तपासायचं आणि प्रमाण जास्त आलं की अख्खा माल नाकारायचा, हे त्याचं काम. तिथे मालकाचंही त्याच्यापुढे काही चालत नसे.

घरी मात्र बायकोचं दुखणं त्याला खपत नसे. अधूनमधून तिचा चेहरा लालबुंद व्हायचा, अंगावर गांधी उठायच्या, डोकं ठणकायचं.

"झालं तुझं नाटक सुरू!" तो म्हणायचा.

एका दुपारी जेवल्यावर ती ओट्यापाशीच कोसळली. त्याने आणि त्याच्या आईने तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन दिलं. ती जरा सावरल्यावर त्यांनी विचारलं, "जेवणात काय होतं?"

"मासे," आई म्हणाली. "पण तेच आम्ही काल खाल्ले, आम्हाला नाही काही झालं."

"आणि हिने?"

"डोकी-शेपट्या उरल्या होत्या, त्या आज शिजवल्या तिने स्वतःपुरत्या, नेहमीसारख्या."

"कालपासून फ्रिजमध्ये होत्या?"

"फ्रिजमध्ये जागा कुठली? याच्या पाण्याच्या बाटल्या असतात. ओट्यावरच होत्या. पण चांगल्या उकळल्या हो, वाससुद्धा नव्हता!"

"मासळी उबेत राहिली की हिस्टामाइन वाढतं. मग कितीही उकळा, ते जात नाही. वासावरून कळेलच असंही नाही." बाई त्याच्याकडे वळल्या. "तुम्ही काय काम करता?"

आईच कौतुकाने म्हणाली, "अहो, मासळीतलं तेच तर तपासतो तो!"

बाई म्हणाल्या, "परक्यांच्या पोटाची एवढी काळजी! आणि हिचं पोट म्हणजे काय कचऱ्याचा डबा?"

त्याची मान खाली गेली. आई पुटपुटली, "मी तरी जन्मभर दुसरं काय खाल्लं? डोकं दुखलं की फडकं बांधायचं आणि कामाला लागायचं."

तो बायकोजवळ बसला. "चुकलो मी. यापुढे आपण सगळे एकत्र जेवायचं, एकाच पातेल्यातलं."

"नऊ वर्षांत एकदा तरी विचारायचंस, दुखतंय का म्हणून," ती म्हणाली आणि भिंतीकडे वळली.

आता ती सगळ्यांबरोबर जेवते. पण चांगला तुकडा वाढला की तिचा हात अजूनही अडखळतो, आणि तिने पहिला घास घेईपर्यंत तो जेवायला सुरुवात करत नाही.

आपल्या घरात सगळ्यात शेवटी कोण जेवतं, तिच्या ताटात काय पडतं, हे आज डोळे उघडून बघा! आणि ती दुखतंय म्हणाली, तर आधी विश्वास ठेवा.