कढई न चढलेला पाडवा

लातूरची एस.टी. अहमदपूरच्या स्टँडात शिरली तेव्हा शिवकांताने नवऱ्याच्या डोक्यावरची टोपी पुन्हा एकदा खाली ओढली. बालाजी वैतागला.

"आगं, उडून चालली का ती?"

टोपी कुठे उडत नव्हती. पण तिच्याखालचं डोकं नुकतंच भादरलेलं होतं, त्यावर केसांचे कोवळे खुंट फुटत होते, आणि सकाळपासून शिवकांताचा जीव त्या डोक्यापाशीच घुटमळत होता.

बालाजीची आई केवळाबाई वारली, तिचा तेरावा होऊन फार दिवस झाले नव्हते. कंधारच्या घरात भिंतीवर तिचा फोटो लागला होता, फोटोला हार होता, आणि आज पाडवा असून दारात गुढी नव्हती. वर्ष होईपर्यंत घरात सणाची कढई चढणार नव्हती, की गोडधोड होणार नव्हतं. हे सगळं रीतीप्रमाणे चाललं होतं. रीत मोडली होती ती एकाच ठिकाणी. जिला केवळाबाईने पोटच्या लेकीसारखं वाढवलं, त्या उज्वलाला आजी गेल्याचं कोणी सांगितलं नव्हतं.

उज्वला म्हणजे बालाजीच्या बहिणीची मुलगी. लातूरला होस्टेलवर राहून शिकत होती. आजी गेली ती ऐन तिच्या बारावीच्या पेपरांत. बालाजीने त्याच दिवशी ठरवून टाकलं, पेपर होईपर्यंत बोलायचं नाही. पेपर झाले, तर पुढे मेडिकलची सीईटी उभीच. क्लासच्या सरांनीही तेच सांगितलं, होस्टेलच्या बाईंनीही. त्या काळी लातुरात असल्या गोष्टीला शहाणपण म्हणायचे. किनवटच्या कुठल्याशा पोराचा बाप वारला, त्याला परीक्षेपर्यंत पत्ता लागू दिला नाही आणि तो आज औरंगाबादला डॉक्टरकी शिकतोय, ही गोष्ट ज्याला त्याला तोंडपाठ होती. त्या पोराला नंतर काय वाटलं, हे मात्र कोणी सांगत नसे.

फोनवर निभावून नेता येत होतं. उज्वला रविवारी एस.टी.डी. बूथवरून बालाजीच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात फोन लावायची. आजीला द्या म्हणाली की बालाजी सांगायचा, आजी उमरीला बहिणीकडे गेलीय. पण पाडव्याला मेस बंद, म्हणून पोर म्हणाली, मी एक दिवस घरी येते. बालाजीच्या तोंडचं पाणी पळालं. घरी आली की फोटो दिसणार. डबा करून न्यावा तर कढई चढवता येत नाही. शेवटी तोच म्हणाला, "आपणच जाऊ लातूरला. हॉटेलात जेवू घालू तिला. हॉटेलच्या कढईला कुठला आलाय दुखवटा?"

नवऱ्याची ही युक्ती शिवकांताला मुळीच आवडली नव्हती, पण तिच्याकडे दुसरी नव्हती. आणि तिची भीती नवऱ्याच्या भीतीपेक्षा वेगळी होती. बालाजीला सीईटीची चिंता. शिवकांताला वाटत होतं, आज पोरीला कळलं तर ती आपलं तोंड पुन्हा बघणार नाही.

त्याला कारण होतं. भूकंप झाला त्या पहाटे आठ वर्षांची उज्वला गणपतीसाठी आजोळी आलेली, म्हणून वाचली. किल्लारीच्या बाजूच्या त्या गावात तिचे आईबाप मात्र घराखाली राहिले. तेव्हाही बालाजीनेच ठरवलं होतं, लहान आहे, सोसायचं नाही. आणि आईबाबा सोलापूरच्या दवाखान्यात आहेत, हे तिच्या डोळ्यांत बघून सांगायचं काम आलं होतं नव्या नवरीवर, शिवकांतावर. तिने ते चोख केलं. पोर रोज विचारायची, आज बरे आहेत का, आणि ही म्हणायची, हाव, आज चहा घेतला. संक्रांतीला शाळेतल्या एका पोरीने खरं सांगून टाकलं. उज्वला घरी आली आणि ओट्यावर बसून एवढंच म्हणाली, "मामी, चहा घेतला म्हणालीस ना तू?" त्यानंतर कितीतरी दिवस ती शिवकांताच्या हातचं जेवली नाही. आजीच भरवायची. पुढे सगळं सुरळीत झालं, मामी-मामी करत पोर पदराला धरून मोठी झाली. पण तो ओटा शिवकांताच्या मनातून गेला नाही.

होस्टेलच्या फाटकाशी उज्वला उभीच होती. नवा ड्रेस, तेल लावून घट्ट वेणी, आणि रात्र रात्र जागून आत गेलेले डोळे. बालाजी घाईघाईने म्हणाला, "चल, आज झक्कास हॉटेलात जेवू. तुझ्या मामीला स्वयंपाकाला सुट्टी!"

उज्वला क्षणभर थबकली. मामाकडे बघितलं, मग मामीकडे. "हॉटेलात?" म्हणाली. आणि मग, "चला."

हॉटेल औसा रोडला होतं, वरच्या मजल्यावर फॅमिलीसाठी वेगळी खोली. पाडव्याची खास थाळी लावली होती. पुऱ्या, बटाट्याची भाजी, मसालेभात आणि वाटीत श्रीखंड. पंखा नुसताच आवाज करत होता. उकाड्याने बालाजीने काही न सुचून टोपी काढली आणि टेबलावर ठेवली. शिवकांताचा हात टोपीकडे गेला, पण उशीर झाला होता.

"मामा, हे काय?" उज्वला म्हणाली.

"तिरुपतीला जाऊन आलो. नवस होता."

"अय्या! मग लाडू?"

लाडू! बसमध्ये सगळं घोकून झालं होतं, कधी गेलो, कोणत्या गाडीने गेलो, किती गर्दी होती. लाडवाचा विचार मात्र दोघांपैकी कोणाच्या डोक्यात आला नव्हता. तिरुपतीहून रिकाम्या हाताने आलेला माणूस उभ्या मराठवाड्यात कोणी पाहिला नसेल.

"संपले," बालाजी म्हणाला. "दुकानात वाटले. लोकं लई."

"बरं," उज्वला म्हणाली आणि पुरीचा तुकडा मोडला.

शिवकांता घोटभर पाणी प्याली. पोर शांतपणे जेवत होती. एकेकाची चौकशी करत होती. भीमा का आला नाही? भीमा म्हणजे शिवकांताचा मुलगा. त्याची शाळेची परीक्षा आहे, असं सांगितलं, आणि ते खरंच होतं. दुकान कसं चाललंय? म्हैस व्यायली का? शिवकांता एकेका उत्तरागणिक सैल होत होती. मनात म्हणत होती, आता आजीचं विचारेल, आता विचारेल. उमरीच्या बहिणीची सगळी कथा तिने जिभेवर आणून ठेवली होती. पण उज्वलाने आजीचं नावच काढलं नाही. अभ्यासाचं डोकं, राहून जात असेल, असं शिवकांताने स्वतःला समजावलं आणि देवाचे आभार मानले.

तेवढ्यात जिन्यावरून अमृतराव आले.

अमृतराव कंधारचे, बालाजीचे जुने गिऱ्हाईक. आता लातुरात घर बांधून राहिले होते आणि तेराव्याला येऊन पोटभर जेवून गेले होते. सोबत बायको. टेबलावरची टोपी, बालाजीचं डोकं आणि शेजारची पोर बघून त्यांनी चेहरा लगेच दुखवट्याचा केला आणि दोन्ही हात पुढे करत निघाले. शिवकांता उठली. हात धुवायचं निमित्त करून बेसिनपाशी त्यांना आडवी गेली.

"भाऊजी, पोरीला माहीत न्हाई," ती नळ सोडून हळू आवाजात म्हणाली. "सीईटी हाय. तुमच्या पाया पडते, काही बोलू नका."

"अजून न्हाई सांगितलं?" अमृतरावांची बायको पुटपुटली. "आजीनंच वाढवलं ना तिला?"

"गप," अमृतराव म्हणाले. "करून राहिले ते बराबर करून राहिले, वहिनी. आमच्या तोंडून शब्द न्हाई जायचा."

ते लांबच्या टेबलावर जाऊन बसले. शब्द गेला नाही, पण बाईची नजर काही केल्या उज्वलावरून हलेना. चमच्याने भात चिवडत ती पोरीकडे अशी बघत होती की आंधळ्यालाही कळावं. शिवकांताने खुर्ची सरकवून मध्ये आपली पाठ घातली.

"कोण गं ते?"

"मामाचे गिऱ्हाईक."

"बरं," उज्वला म्हणाली. आज ती सगळ्यालाच बरं म्हणत होती.

पोरीचं जेवण होत आलं. श्रीखंडाची वाटी तेवढी तशीच होती. लहानपणापासून तिची सवयच ती, आवडीचं शेवटी खायची. बालाजीने स्वतःच्या वाटीला हात लावला नव्हता, पित्त झालंय म्हणाला होता. शिवकांताने आपली वाटी पुऱ्यांच्या ताटलीआड सरकवून ठेवली होती. बालाजी उठला. "मी बिल देऊन येतो. तू निवांत खा गं उजू. श्रीखंड संपव, डोक्याला थंड असतंय."

तो खाली गेला. शिवकांताला वाटलं, सुटलो. अजून थोडा वेळ, मग होस्टेलचं फाटक, मग बस. तिचे खांदे खाली आले.

उज्वलाने वाटी जवळ ओढली. चमचा भरला. पण तोंडात घातला नाही, तसाच धरून मामीकडे बघत राहिली. मग चमचा हळूहळू ओठांकडे नेला.

आणि शिवकांताला ते बघवेना. आजीची चिता विझून किती दिवस झाले, आणि ही पोर न कळता गोड खाणार. ते आपण समोर बसून खाऊ देणार. पुढे कधी कळेल तेव्हा हिला हा चमचा आठवेल, आणि समोर बसलेली मामी आठवेल. नवऱ्याने तिला शपथ घातली होती, सरांनी बजावलं होतं, सगळं खरं. तिने पुढे होऊन पोरीचं मनगट धरलं.

"नको खाऊ."

"कामून?"

"आपल्याला चालत न्हाई, बाई. वर्षभर न्हाई चालत. आजी गेली, उजू. तुझ्या केमिस्ट्रीच्या पेपराच्या आदल्या दिवशी गेली."

उज्वलाने चमचा वाटीत ठेवला. ती किंचाळली नाही, दचकलीसुद्धा नाही. खूप वेळ धरून ठेवलेला श्वास सोडावा तसा सोडला आणि मग तिचे डोळे भरून आले.

"मला वाटलं, आजबी खाऊ देतीस का काय," ती म्हणाली.

शिवकांताला काही कळेना. "तुला ठाऊक होतं?"

"आजी कितीक रविवार फोनवर आलीच न्हाई. अन् मामा हॉटेलात चल म्हणाले ना, तवाच कळलं." उज्वला ओढणीने नाक पुसत म्हणाली. "भूकंपाच्या वर्षी दिवाळीला मला नांदेडला हॉटेलात नेलं होतं तुम्ही. तू, मामा अन् मी. घरात काही केलं नव्हतं त्या दिवाळीला. मला गुलाबजाम दिले. मी आणखी मागितले, तर तू तुझे बी दिले मला. आईला जाऊन किती दिवस झाले होते मामी तवा? अन् मी गुलाबजाम मागून खाल्ले."

शिवकांता ते हॉटेल साफ विसरून गेली होती. नऊ वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं. आता आठवलं, काचेची बशी, पाकाने माखलेली पोरीची हनुवटी, आणि ती आपण पदराने पुसली तेसुद्धा.

"आजीचं नाव मी मुद्दामच न्हाई घेतलं," उज्वला म्हणाली. "घेतलं असतं तर तू खोटं बोलली असतीस. मग मला परत तुझ्याशी बोलता आलं नसतं."

लांबच्या टेबलावरून अमृतरावांची बायको उघड उघड डोळे टिपत होती. शिवकांताने आता तिच्याकडे लक्ष दिलं नाही. तिने खुर्ची पोरीला लागून घेतली आणि तिचं डोकं खांद्यावर ओढलं. उज्वला रडली, आवाज न करता, पाठ हलवत. वाढपी वाट्या उचलायला आला आणि तसाच परत फिरला.

बऱ्याच वेळाने खांद्यातूनच आवाज आला. "आजीनं माझं नाव काढलं होतं का?"

न्हाई म्हणणं सोपं होतं. आजीला शुद्ध नव्हती, असं म्हटलं असतं तर पोरीला तेवढीच झोप लागली असती. एवढं तर कोणीही करेल. तिने टेबलावरच्या टोपीकडे बघितलं.

"काढलं होतं," ती म्हणाली. "शेवटच्या दिवशी दोनदा विचारलं. उजू आली का, म्हणून."

"मग?"

"मी म्हणाले, येऊन राहिली. बसमध्ये बसली, येऊन राहिली. तिला बी मी खोटंच सांगितलं, उजू."

उज्वलाने डोकं उचललं. मामीकडे बघत राहिली. त्या नजरेत राग होता का काय होतं, शिवकांताला समजेना, आणि आयुष्यात कधी भ्याली नव्हती एवढी ती त्या क्षणी भ्याली.

जिन्यावर चपला वाजल्या. बालाजी हातात बडीशेप घेऊन वर आला, दोघींचे चेहरे बघून दारातच उभा राहिला. "शिवकांता," एवढंच म्हणाला. मग, "आगं, सीईटी..."

उज्वला उठली. टेबलावरची टोपी उचलून मामाच्या हातात दिली आणि वेणी मागे टाकली.

"मामी आजीला सांगून बसली, मी येऊन राहिले म्हणून," ती म्हणाली. "मग मला यायला पाहिजे ना, मामा. पुस्तकं घेते अन् येते. कंधारची बस किती वाजता हाय?"