तात्यांना विचारून

मंगळवारची बैठक नेहमीसारखीच सुरू झाली. बारामतीच्या कार्यालयात अकरा गावांच्या कार्यकर्त्या सतरंजीवर, अध्यक्ष नारायणराव खुर्चीवर. बालविवाह रोखणारी ही संस्था त्यांनीच उभारलेली. बाया त्यांना तात्या म्हणत. नियम एकच होता: तात्यांना विचारल्याशिवाय कुणी १०९८ या बालकांच्या हेल्पलाइनला फोन करायचा नाही.

कळंबच्या सारजाने तो नियम पाळला होता. गेल्या महिन्यात चौदा वर्षांची छकुली बोहल्यावर चढली, तेव्हा सारजा मांडवाबाहेर उभी राहून तात्यांना फोन लावत होती. तात्या पुण्यात सत्कार घेत होते. सातव्यांदा फोन लावला, तोवर आत ताशा कडाडला. लग्न लागले होते.

"आजपासून मिहिर अध्यक्ष," शेजारच्या खुर्चीतल्या लेकाकडे हात करत तात्या म्हणाले. टाळ्या पडल्या. सारजाचे हात मांडीवरच राहिले.

"सारजाबाई, हात दुखतायत का?"

"हात न्हाय तात्या. छकुलीचं तोंड दिसतंय."

"तो विषय संपला ना? मी त्या दिवशी कामात होतो."

"व्हय. शाल पांघरून घ्यायचं काम हुतं."

मागे कुणीतरी फिसकन हसले. तात्या लालबुंद झाले. "मग तुमचं म्हणणं तरी काय?"

"अध्यक्षच नगं. ज्या गावात लगीन, तितल्या बाया ठरवतील. शेजारची गावं धावून जातील. बैठक कधी कळंबला, कधी मोरगावला. तुमी बी या की. सतरंजीवर बसा."

"सगळ्याच पुढारी झाल्या तर संस्था चालवणार कोण?"

"आजवर कोण चालवत हुतं?"

तेवढ्यात सुप्याच्या प्रयागबाईचा फोन वाजला. ऐकता ऐकता ती उठून उभी राहिली. "दुपारी लगीन हाय. पोरगी नववीत हाय." आणि सवयीने तिने खुर्चीकडे पाहिले.

"घाई नको," तात्या म्हणाले. "माणसं ओळखीची असतात. मी आधी बोलून बघतो."

"प्रयागबाई, तिकडं बघू नगं," सारजा ओरडली. "लाव १०९८!"

प्रयागबाईने फोन लावला. सतरंजी भराभर रिकामी झाली. दारात मिहिर आडवा आला. "मी गाडी काढू?"

"काढ," सारजा म्हणाली. "रस्ता प्रयागबाई सांगंल."

सुप्याचे लग्न थांबले. पण छकुलीचे दप्तर अजून कळंबच्या घरात खुंटीला लटकते आहे आणि ती परगावी सासरची भांडी घासते आहे. तिचा गुन्हा काय? तर तिच्या गावातली एक शहाणी बाई मांडवाच्या दाराशी उभी राहून परवानगी मागत होती.